श. बोलू लागली की येणारी झोप

५ ऑगस्ट, मंगळवार

आज श. माझ्या कामाच्या खोलीच्या बंद दाराशी उभी राहून परत गेली. मी विसरले.

सकाळी नवऱ्याला, सुनीलला, सांगून निघाले होते, आज श. यायची आहे, जेवायला उशीर होईल. आणि तिच्या वेळेला मी फुले मार्केटमध्ये आईसाठी चादर निवडत होते. निळी की पिस्ता, याच्यात अडकले होते. घरी आल्यावर मोबाइल पाहिला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत समुपदेशनाला आलेलं एकही माणूस माझ्या दारातून असं गेलेलं नाही.

फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "काही नाही ताई, तुम्हाला पण घर आहे." तिचं हेच. सगळ्यांना घर आहे, सगळ्यांचं बरोबर आहे.

(तिचं नाव इथेही लिहायचं नाही. श. पुरे.)

हात अजून तसाच आहे म्हणाली. सगळ्या तपासण्या झाल्यात, नसा चांगल्या, मणका चांगला. म्हणून तर डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. उजवा हात बधिर होतो तो फक्त सकाळी, मुलीची वेणी घालताना. रोट्या लाटायला चालतो. ओल्या चादरी पिळायला चालतो. वेणीचे तीन पेड धरले की लाकूड.

६ ऑगस्ट

विसरण्यावर विचार केला. म्हणजे करायला बसले आणि कपाट आवरलं.

रविवारी एरंडोलहून भावाचा फोन होता. घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलंय, सगळीकडे धूळ, आईला दमा. दिवाळीपर्यंत तुझ्याकडे राहील का? मी म्हटलं, "विचारतोस काय, पाठव ना." त्याचं वाक्य संपायच्या आत म्हटलं. आनंदाने. सुनील शेजारी होता, तो म्हणाला, तू श्वास तरी घ्यायचास.

कॉलेजात तासाला शिकवते मी हे. नको असलेली भावना इतकी नको असते की माणूस तिच्या बरोब्बर उलट वागतो, आणि जरा जास्तच वागतो. मुलं उदाहरण मागतात. मी सासू-सुनेचं देते, सगळे हसतात.

९ ऑगस्ट, राखी

भाऊ आईला घेऊन आला. ओवाळलं. आई थकलीय, पण डोळे तसेच, सगळं बघणारे. निळी चादर बघून म्हणाली, महाग दिसतेय. अहिराणीच बोलते अजून. मी तिच्याशी मराठीत बोलते. लहानपणापासून असंच. अक्काकडे धुळ्याला वाढले, तिथे शाळेची मराठी.

अक्का म्हणजे माझी आत्या. तिला मूल नव्हतं. भाऊ झाला तेव्हा फार अशक्त होता, आईला त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि अक्काने मला मागितलं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, बहिणीला नाही म्हटलं नाही. मी सहा वर्षांची. लग्न होईपर्यंत धुळ्याला. मी हे सगळ्यांना हसत सांगत आलेय: मला दोन आया, दोन्हीकडून लाड.

भाऊ जेवून निघाला. आई त्याच्या गाडीकडे बघत उभी. मी आत जाऊन भांडी घासली. बाई येणार होती तरी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा झोप. लिहायला लाज वाटते. श. समोर बसलेली आणि माझे डोळे मिटतायत. साधी पेंग नाही. आतून कुणीतरी दिवा मालवावा तशी. गेल्या महिन्यापासून हे होतंय आणि मी त्याला दुपारचं ऊन म्हणत होते.

आज लक्ष ठेवलं. ती नवऱ्याच्या कामाबद्दल बोलत होती, सोफे-गाद्या शिवतो तो, तेव्हा मी टक्क जागी. सासूबद्दल बोलली, जागी. मुलीवर आली आणि माझी मान जड.

मुलगी सांभाळायला द्यायचं ठरलंय. शिरपूरची नणंद, तिला मूल नाही, घर मोठं, माणसं चांगली. पोरगी तिकडे चांगल्या शाळेत जाईल. घरात सगळ्यांनी बसून ठरवलं. श.ला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. हे सांगताना हसत होती. "माझीच नणंद आहे ताई, परकी थोडीच आहे."

मग एकदम थांबली. मी दचकून डोळे उघडले. ती माझ्याकडेच बघत होती. कधीपासून बघत होती कोण जाणे.

"दमलात का ताई?" म्हणाली. खरंच काळजीने.

१४ ऑगस्ट

आईसाठी कळण्याची भाकरी केली, तिला आवडते म्हणून. मग डॉक्टरकडे नेलं, मग नवी चप्पल, मग गरम पाण्याची पिशवी. ती म्हणाली, "बस ना जरा. किती करस." मी बसले. घड्याळाकडे बघितलं. मी उठून चहा टाकला.

१६ ऑगस्ट, धुळे

एक शनिवार आड मॅडमकडे जाते, माझं काम तपासून घ्यायला. देवपुरात राहतात. आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं, आता आमच्यासारख्या चार-पाच जणांना ऐकतात. गुडघे सुजलेले, चहा बशीत ओतून पितात, बोलतात कमी.

एस.टी.त नेहमीप्रमाणे सगळा रस्ता डोळे उघडे. पारोळा आलं तोवर अख्खी गाडी झोपली होती. मला गाडीत झोप येतच नाही. सगळे म्हणतात, बरं आहे, सामानावर लक्ष राहतं.

मॅडमना विसरल्याचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "झोप आली तेव्हा ती काय सांगत होती?" सांगितलं. मुलगी देण्याचं. मग म्हणाल्या, "तिला सगळं कळतंय आणि तिचा हात ते ऐकत नाही. तुझं काय ऐकत नाहीये?"

मी हसले. म्हटलं, माझं तसं काही नाही, मीसुद्धा अशीच दिलेली मुलगी, पण माझं छानच झालं. दोन आया वगैरे. नेहमीचं सगळं सांगितलं. कशी एरंडोलहून आईबरोबर धुळ्याला आले, अक्काकडे पुरणपोळी होती, जेवून मी बाजेवर गाढ झोपले आणि उठले तर आई गेलेली. झोपली होती म्हणून उठवलं नाही. मग अक्काने मला कुरडया तळून दिल्या. या कुरडयांपाशी सगळे हसतात.

मॅडम हसल्या नाहीत. बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "ही गोष्ट तुला कोणी सांगितली?"

मला राग आला. कोणी सांगितली म्हणजे काय, माझी आहे. येताना गाडीत आठवून बघितलं. पुरणपोळी आठवते. कुरडया आठवतात. मधलं अक्काच्या आवाजात आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फार वाईट केलं आज.

श. आली. रविवारी नणंद येणार, गाडी घेऊन. म्हणाली, पोर रडेल, तमाशा होईल, म्हणून नणंदेने सुचवलंय, दुपारी जेवून झोपली की तशीच उचलून गाडीत ठेवू. शिरपूरला उठेल, खेळणी असतील समोर. लहान आहे, विसरेल.

मला झोप येत होती. हे ऐकलं आणि झोप साफ उडाली. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "झोपेत नेऊ नका. ती जागी असेल."

श.ने विचारलं, "कोण?"

उत्तर द्यायच्या ऐवजी मी बोलत सुटले. मुलगी देऊच नका म्हटलं. तुमचा हात तेच सांगतोय, तुमच्या मनात नाहीये, तुम्ही खोटं हसताय. जे तिने हळूहळू स्वतः बघायचं ते सगळं मी तिच्या अंगावर फेकलं. तिने ओढणी सारखी केली. चेहरा पाटीसारखा कोरा. वेळ संपायच्या आधीच उठली. दाराशी म्हणाली, "तुम्हाला काय ताई, तुम्हाला बोलायला सोपं आहे."

बरोबर आहे तिचं. तिला त्या घरात राहायचंय.

२१ ऑगस्ट

श.ला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावायचा नाही असं ठरवलं. मग वाटलं, हे ठरवणं तरी तिच्यासाठी आहे का माझ्यासाठी.

आई घरात हळू चालते, पण मला तिची प्रत्येक हालचाल ऐकू येते. ती दुपारी आडवी झाली की मी त्या खोलीत जात नाही. हे आज लक्षात आलं. आली त्या दिवसापासून गेलेले नाही.

२३ ऑगस्ट, धुळे

शनिवार नव्हता माझा, तरी गेले. मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, समुपदेशकाने सल्ला का देऊ नये यावर ऐकावं लागेल. ते मला ठाऊकच आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "ती जागी असेल, हे तुला कसं ठाऊक?"

मी म्हटलं, तोंडातून निघून गेलं.

"हो ना," म्हणाल्या. "तेच विचारतेय."

मग म्हणाल्या, तुझ्या घरी एक माणूस आहे जे त्या दुपारी त्या खोलीत होतं. मी म्हटलं, आई म्हातारी आहे, तिला कशाला त्रास. त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मला माझंच वाक्य ऐकू आलं. नेणिवेवर तास घेणारी बाई मी.

उद्या रविवार. श.ची नणंद येणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार

श. आली नाही. तिच्या वेळेत खुर्चीवर बसून राहिले. खाली लोक गणपतीची खरेदी करत होते. मुलगी शिरपूरला गेली असेल का? जागी होती का?

घरी आले. आई जमिनीवर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी समोर बसले आणि मोडू लागले. मग विचारलं. धुळ्याला मला सोडलंस त्या दिवशी मी झोपलेली होते ना?

आईने मान वर केली नाही. "कुठे झोपेल व्हती तू. जागीच व्हती. डोया मिटी पडेल व्हती."

मी विचारलं, तुला कसं कळलं.

"पापन्या हालत व्हत्या तुन्या. मी देखं ना."

शेंगा मोडणं चालूच. मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस. तिने पुढची शेंग उचलली. म्हणाली, मी दारात उभी होते, बराच वेळ. अक्का घाई करत होती, गाडी चुकेल म्हणून. मग म्हणाली, "तू डोया उघाडती ना, ते मी तुले परत लई येती."

मी डोळे उघडले असते तर ती मला परत घेऊन आली असती.

मला नीट ऐकू आलं तरी मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. शांतपणे. जणू इतकी वर्षं तीच माझी वाट बघत होती.

मी म्हटलं, "मी सहा वर्षांची होते आई."

आवाज माझा नव्हता. सुनील आतून बाहेर आला. आईने शेंगांची परात पुढे सरकवली आणि उठून खोलीत गेली.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

गणपती बसवला. मोदक केले. आई आरतीला आली, प्रसाद घेतला, बोलली नाही. मीही नाही. माझ्या आठवणीतलं आमचं पहिलं भांडण. पहिलंच. आजवर एकदाही नाही. मी याला चांगलं नातं म्हणत होते.

आता मला आठवतंय. डोळे मिटलेले, डोळ्यांच्या आत लाल उजेड, बाजेची सुतळी गालाला, बांगड्यांचा आवाज दाराकडे जाऊन थांबलेला. पण हे आठवतंय की तिने सांगितल्यावर मी रचतेय? विद्यार्थ्याने विचारलं असतं तर म्हटलं असतं, दोन्ही शक्य आहे, आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले असते. स्वतःला तसं म्हणता येत नाही.

एवढं खरं की कधीच झोपले नव्हते.

२९ ऑगस्ट

सुनीलशी बोलले. त्याला वाटतं, आई चुकली पण आता काय त्याचं. मी म्हटलं, मला तिची चूक काढायची नाहीये. लगेच म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन इतक्या जोरात डबा आपटला की झाकण वाकलं.

मला तिची चूक काढायची आहे.

३० ऑगस्ट, धुळे

मॅडमकडे रडले. पहिल्यांदा. त्यांनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, रडू दिलं. नंतर म्हणाल्या, तुझ्या आईला शिक्षा द्यायची की माफी, हे आज इथे ठरणार नाही. मग विचारलं, "डोळे मिटून पडलेली ती मुलगी, ती पुढे काय झाली?"

मी म्हटलं, शहाणी झाली. कुणाला त्रास दिला नाही. सगळे म्हणायचे, किती समजूतदार. अक्काच्या घरी काही मागितलं नाही. सासरी नाही, इथेही नाही. अजून पाहुण्यासारखीच राहते, स्वतःच्या घरात सुद्धा, उठून भांडी घासते. दुसऱ्यांचं ऐकायचं काम निवडलं, कारण तिथे आपल्याला बोलावं लागत नाही.

बोलता बोलता थांबले. इतकं सगळं एका दुपारवर लादायचं? मॅडम म्हणाल्या, नको लादूस. माणूस एका दुपारी घडत नाही. पण ती दुपार तुझी आहे, ती श.ला देऊ नकोस.

येताना एस.टी.त डोळे मिटून बघितले. नाही जमलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

श. आली. मी धरून चालले होते की येणार नाही.

बसली आणि म्हणाली, मी भांडायला आलेय. तिने असं म्हणणं हेच केवढं. म्हणाली, घरी गेल्यावर दोन दिवस मला राग येत होता, आधी वाटलं नणंदेचा, मग वाटलं नवऱ्याचा, मग कळलं तुमचा. "तुम्ही माझ्या पोरीबद्दल नव्हता बोलत त्या दिवशी."

मी म्हटलं, "नव्हते. ते माझं होतं. माझी चूक झाली."

तिने थोडा वेळ बघितलं, अजून काही येतंय का म्हणून. मी पुढे काही सांगितलं नाही. सांगायची ओढ फार होती. ओठावर होतं. पण ती जागा तिची.

मग तिने सांगितलं. रविवारी नणंद आली. जेवणं झाली. पोर झोपली. नणंद उचलायला वाकली आणि श. मध्ये उभी राहिली. का, ते तिलाही माहीत नाही. म्हणाली, उठवून सांगते आधी. सासू म्हणाली, कशाला उठवतेस. तिने उठवलं. पोरीला सांगितलं, फुफीच्या घरी राहायला जायचंय, पुष्कळ दिवस. पोरगी अर्धवट झोपेत म्हणाली, "तू पण?" श.ने तिला मांडीवर ओढून घेतलं. नणंद रागावून एकटीच परत गेली.

मी विचारलं, मग आता?

आता घरात कोणी बोलत नाही. शुक्रवारी मोठी माणसं पुन्हा बसणार. नवरा म्हणतो, बहिणीला शब्द दिलाय. श. म्हणाली, "मला नाही माहीत मी काय बोलेन. हो पण बोलून टाकेन कदाचित. नणंदेचं पण खोटं नाही, ताई. ती पण रात्रंदिवस रडते."

हाताचं विचारलं. वेणी घातली का? म्हणाली, घातली, पण वाकडी झाली. बधिर नव्हता, थरथरत होता. हे बरं की वाईट, असं तिने मला विचारलं. मला ठाऊक नाही म्हटलं. खरंच ठाऊक नाही.

आज झोप आली नाही. भीती वाटत होती, सगळा वेळ. तिच्यासाठी, तिच्या पोरीसाठी, शिरपूरच्या त्या बाईसाठीही. डोळे उघडे ठेवून भीती वाटत होती.

४ सप्टेंबर

आई सकाळपासून पिशवी भरतेय. काल संध्याकाळी भावाला तिनेच फोन केला असणार, कारण आज त्याचा मला आला. म्हणाला, आई परत यायचं म्हणतेय, धूळ असली तरी चालेल म्हणते, तुमचं काही झालं का? मी म्हटलं, झालं. त्याला या घरातलं भांडण हा प्रकारच नवा. मग म्हणाला, मग रविवारी न्यायला येऊ का? की राहू देतेस?

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, राहू दे ना, विचारतोस काय.

जीभ वळली होती त्या वाक्याकडे. थांबवली. दुसरं वाक्य, घेऊन जा, तेही तयार होतं, तेही नाही म्हटलं. "विचार करून सांगते," म्हटलं. तो म्हणाला, कधी? मी म्हटलं, तेही सांगते.

फोन ठेवला तर आई दारात. हातात घडी घातलेली साडी.

"काय म्हने भाऊ?"

"कधी न्यायला येऊ, विचारतोय."

"मंग?"

"अजून काही सांगितलं नाही."

ती तशीच उभी राहिली. साडी पिशवीत ठेवली नाही आणि कपाटातही नाही. पलंगाच्या कडेवर बसली, साडी मांडीवर घेऊन. मला काहीतरी काम आठवत होतं, दूध तापवायचं की काय. गेले नाही. तिच्या शेजारी बसले, मध्ये थोडं अंतर ठेवून.

मग तिने विचारलं, तुला राग आलाय का माझा.

मी हो म्हटलं.

तिने मान डोलावली, आणि साडीची घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली.